वर्गमित्रांचा रॉक बँड कोल्हापुरात कसा उभा करायचा

वर्गात गिटारवाले चार, गायला तयार असणारे तीन आणि ड्रमवर बसणारा एकही नाही. हायस्कूलच्या बहुतेक बँडची सुरुवात इथूनच होते. त्यामुळं वाद्यं घ्यायच्या आधी कामं वाटून घ्या. पाच जण पुरेत: ड्रम, बेस, एक गिटार, कीबोर्ड किंवा दुसरी गिटार, आणि गाणारा किंवा गाणारी. सहावा आला की सगळ्यांच्या क्लासच्या वेळा जुळवण्यातच आठवडा जातो.

ड्रमर गिटारवाल्यांत शोधू नका. झांजपथकात, हलगी-घुमक्यात, बेंजो पार्टीत किंवा भजनी मंडळात ढोलकीवर बसणारा वर्गमित्र बघा. त्याचे हात तयार असतात आणि सम चुकत नाही. त्याला दोन गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात. पहिली म्हणजे पाय. चार मात्रांच्या ठेक्यात उजव्या पायानं किक (सगळ्यात मोठा ड्रम) १ आणि ३ वर, डाव्या हातानं स्नेअर (पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम) २ आणि ४ वर, आणि उजव्या हातानं हाय-हॅटवर (जोडझांजेवर) सरळ आठ ठोके. हे मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्रावर किंवा ॲपवर) मिनिटाला ७० च्या लयीत सलग पाच मिनिटं न चुकता वाजलं की पाच-पाचनं वाढवत ११० पर्यंत न्यावं. दुसरी गोष्ट जास्त अवघड. हलगीत लय चढत जाते आणि तीच तिची मजा आहे. रॉकच्या गाण्यात मात्र पहिल्या ओळीची लय शेवटच्या ओळीपर्यंत तशीच राहावी लागते. हलगीवाला ड्रमर धावतो तो या सवयीमुळं, त्याचा हात कच्चा असतो म्हणून नव्हे. त्याला ओरडण्यापेक्षा मेट्रोनोम इअरफोनवर लावून द्या. महिनाभरात फरक पडतो.

बेस हे चौघा गिटारवाल्यांतल्या एकाला घ्यावंच लागतं. बेसच्या चार तारा म्हणजे गिटारच्या वरच्या चार जाड तारांचेच स्वर, ई, ए, डी, जी, फक्त एक सप्तक खाली. त्यामुळं बोटांच्या जागा नव्यानं पाठ कराव्या लागत नाहीत. ज्याला सोलोची घाई नाही आणि जो ड्रमरच्या पायाकडं बघत वाजवू शकतो, त्याच्या गळ्यात बेस घाला. ही दुय्यम जागा समजू नका. किक आणि बेस एकत्र पडले की बाकीचे थोडे कच्चे असले तरी बँड चांगला वाजतो.

गाण्याचा सूर आधी ठरवा

शाळेच्या बँडमध्ये सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मूळ गाण्याच्या पट्टीचा (स्केलचा) हट्ट धरल्यानं. तेरा ते सोळा या वयात मुलांचा आवाज फुटतो. जूनमध्ये जी पट्टी सहज जमते, ती डिसेंबरात गळ्याला ताण देऊ शकते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पट्टी पुन्हा तपासा. गाण्यातला सगळ्यात उंच स्वर न ओरडता, सलग तीन वेळा लागला पाहिजे. नाही लागला, तर सगळं गाणं दोन-तीन स्वर खाली घ्या.

आपल्याकडं गाणारे पेटीवर शिकलेले असतात, म्हणून ते ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असं सांगतात आणि गिटारवाला बघत राहतो. हिशोब सोपा आहे. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. नेमक्या काळ्या पट्ट्याच गिटारवर गैरसोयीच्या. तिथं कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका घरात (फ्रेटमध्ये) दाबून धरणारा चिमटा, लावायचा: काळी एकला पहिल्या घरात कॅपो आणि सी च्या पट्टीतल्या कॉर्डचे आकार, काळी दोनला पहिल्या घरात डी चे, काळी तीनला दुसऱ्या घरात ई चे, काळी चारला पहिल्या घरात जी चे, काळी पाचला पहिल्या घरात ए चे. पांढरी चारला पहिल्या घरात ई चे आकार. बेसवाल्याला कॅपो नाही, त्याला खरे स्वरच वाजवावे लागतात. म्हणून गाण्याच्या कागदावर दोन ओळी लिहा, वर गिटारचे आकार आणि खाली खरे स्वर. हे न लिहिल्यामुळं अर्धा बँड एका पट्टीत आणि अर्धा दुसऱ्या, असा गोंधळ पहिल्या तालमीत हमखास होतो.

शाळेची पेटी सोबत घेणार असाल, तर ती ट्यूनरवर तपासा. जुन्या पेट्यांचे सूर ए म्हणजे ४४० हर्ट्झ या नेहमीच्या मापात असतीलच असं नाही, आणि पेटी जागच्या जागी जुळवता येत नाही. अशा वेळी गिटार आणि बेस पेटीला जुळवा, कीबोर्डचं ट्यूनिंगही सेटिंगमधून तेवढंच सरकवा.

गाणाऱ्याला आठवड्यातून दोन दिवस कुणाकडं तरी सा लावायला बसवा. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या वास्तव्यानं मोठं झालेलं हे गाव आहे, देवल क्लबसारखी जुनी संगीतसंस्था आहे, पेठापेठांत शिकवणारे आहेत. शास्त्रीय शिकल्यानं रॉकचा आवाज बिघडतो ही समजूत चुकीची. बिघडतो तो छातीतून ओरडल्यानं.

जागा आणि शेजारी

दहा बाय बाराची खोली पुरते. खिडकी-दाराच्या फटी रबराच्या पट्टीनं बुजवा, कारण आवाज आधी फटीतून बाहेर जातो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून शेजाऱ्यांना काहीही फरक पडत नाही. ते हलके असतात आणि आवाज अडवायला वजन लागतं. खोलीच्या आतला घुमारा कमी करायला वाकळी, जुन्या गाद्या, घोंगडी भिंतीपासून तीन-चार इंच सोडून टांगा. ड्रमखाली जाड सतरंजी हवीच, नाहीतर किक पुढं सरकत जातो. बेसचा अँप (ॲम्प्लिफायर) कोपऱ्यात ठेवू नका, तिथं नुसता घूं घूं आवाज साठतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं घ्या.

पेठेतल्या घराला घर लागून असलेल्या गल्लीत पूर्ण ड्रमसेटची तालीम टिकत नाही. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या परवानगीनं संगीताची खोली, शहराबाहेर कुणाच्या मळ्यातली खोली किंवा उद्यमनगरातल्या ओळखीच्या शेडची सुट्टीच्या दिवशीची वेळ, या तीन जागा आधी विचारा. शेडचा पत्रा फार वाजतो, तिथं वाकळी दुप्पट लागतील. घरातच करायची असेल तर ड्रमसेटऐवजी काहोन, म्हणजे वर बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी, वापरा. ओळखीच्या सुताराकडून करून घेता येतो: १२ एमएम प्लायची साधारण ३० सेंटीमीटर रुंद, ३० खोल आणि ४८ उंच पेटी, पुढची बाजू ३ ते ४ एमएमची, मागं १२ सेंटीमीटर व्यासाचं भोक, आणि पुढच्या फळीला आतून किंचित टेकलेल्या गिटारच्या दोन-तीन जुन्या तारा. पुढची फळी चिकटवू नका, स्क्रूनं बसवा. वरचे दोन स्क्रू थोडे सैल केले की कोपऱ्याचा आवाज कडक येतो.

पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर सामान असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर लक्ष ठेवा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ३९ ला पोचली की त्याच दिवशी अँप आणि ड्रम वरच्या मजल्यावर न्या. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमानं

पैसे आले की पोरं आधी डिस्टॉर्शनचा (गिटारचा आवाज खरखरीत करणारा) पेडल घेतात. आमच्या मते क्रम असा हवा: क्लिपवाला ट्यूनर, चांगल्या केबल, गाण्याचा माईक, मग बेसचा अँप, आणि पेडल सगळ्यात शेवटी. क्लिपवाला ट्यूनर लाकडाच्या कंपनावर चालतो, त्यामुळं गोंगाटातही तार जुळवता येते. मोबाइलवरचं ॲप तिथं गोंधळतं.

गिटारला १५ ते ३० वॉटचा अँप खोलीत पुरतो. बेसला मात्र १०० वॉटच्या आसपासचा हवा. बेस गिटारच्या छोट्या अँपमध्ये घालू नका, खालच्या स्वरांनी स्पीकरचा कागद फाटतो. अँप मिळेपर्यंत बेस आणि कीबोर्ड १२ इंची पॉवर्ड (आतच अँप असलेल्या) स्पीकरमध्ये मिक्सरमधून द्या. माईक डायनॅमिक, कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज उचलणाऱ्या) जातीचा घ्या. शाळेच्या सभागृहातले भाषणाचे नाजूक कंडेन्सर माईक ड्रमशेजारी चालत नाहीत, ते गाण्यापेक्षा झांजच जास्त उचलतात.

किबोर्डचा स्टँड, गिटारचे स्टँड, पाय ठेवायचा चौथरा हे विकत घेऊ नका. उद्यमनगरात वेल्डरला माप देऊन चौकोनी पाइपचे बनवून घ्या. पाइपच्या टोकांना रबरी बूच लावायला सांगा आणि गिटारची मान टेकते तिथं फोम गुंडाळा.

पावसाळ्यात तारा गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं तारा खालून-वरून पुसा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि रोज वाजवणाऱ्यानं दोन-तीन महिन्यांनी संच बदला. इलेक्ट्रिकला पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची असलेला संच शिकणाऱ्या बोटांना बरा. नवीन तार लावल्यावर ती हातानं हलकी ओढून पुन्हा जुळवा, असं चार-पाच वेळा. हे न केल्यास पहिल्याच गाण्यात सूर उतरतो.

वीज

हा भाग घरातल्या मोठ्यांनीही वाचावा. गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माईकवर असतात. गिटारची तार अँपच्या अर्थिंगला जोडलेली असते, माईकची जाळी मिक्सरच्या. दोन्हींची अर्थिंग वेगळी किंवा एकाची तुटलेली असेल, तर शॉक ओठातून बसतो. मांडवात हा धोका सगळ्यात जास्त.

म्हणून बँडचं सगळं सामान एकाच ठिकाणाहून, एकाच फेजवरून घ्या. लाइटिंगची वायर वेगळी. वायरमनकडून मल्टिमीटरनं मोजून घ्या: फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शून्य किंवा फार कमी दाखवत असेल तर तिथं अर्थिंग नाही, आणि तिथं वाजवायचं नाही. घूं असा हम येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. हम घालवायला सगळं एकाच बोर्डवर आणा, सिग्नलच्या केबल विजेच्या वायरपासून लांब न्या, लाइटचे डिमर बंद करा. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारं स्विच) असलेला बोर्ड एकदाच बनवून घेतला तर शाळा संपेपर्यंत उपयोगी पडतो. सहा अँपिअरच्या सॉकेटवर १३०० वॉटच्या पुढं भार टाकू नका. अँप, मिक्सर आणि दोन स्पीकर एवढ्यात बसतात, पाणी तापवायची विजेची शेगडी त्यात लावली की फ्यूज उडतो.

दोन तासांची तालीम

आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. पहिली दहा मिनिटं जुळवाजुळव. मग पंधरा मिनिटं फक्त ड्रम आणि बेस, मेट्रोनोमसकट, बाकीचे गप्प बसून ऐकतील. नंतर चाळीस मिनिटं नवं गाणं तुकड्यांनी: कडवं, ध्रुवपद, मधला भाग, आणि एका भागातून दुसऱ्यात जायच्या जागा. गाणी फसतात ती या वळणांवरच. वळणाच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन बार (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) एवढेच दहा वेळा वाजवा. दहा मिनिटं सुट्टी, मग जुनी गाणी न थांबता सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुणी चुकलं तरी थांबायचं नाही, कारण स्टेजवर थांबता येत नाही.

आवाजाचा नियम एकच: आधी माईक लावा, शिट्टी वाजायच्या थोडं अलीकडं ठेवा, आणि शब्द स्पष्ट ऐकू येतील एवढाच बाकीच्यांचा आवाज. ड्रम जोरात वाटले तर गिटार वाढवायची नाही, ड्रमरनं हात आवरायचा. स्नेअरवर रुमाल टाका, किकच्या आत उशी ठेवा, बारीक काड्यांच्या जुडीच्या काठ्या वापरा. कोल्हापुरात मोठा आवाज कुठंही भाड्यानं मिळतो, पण स्पष्ट आवाज बँडला स्वतःच मिळवावा लागतो. कानांचाही प्रश्न आहे. ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा मानली तर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. छोट्या खोलीत ड्रमसेट एवढा सहज जातो. फोमचे इअरप्लग सगळ्यांनी घाला, ड्रमरनं तर नक्कीच. तालमीनंतर कानात सूं आवाज येत असेल तर पुढच्या वेळी आवाज कमी झालाच पाहिजे.

प्रत्येक तालमीचं शेवटचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोबाइल अँपवर ठेवू नका. सगळ्यांपासून दोनेक मीटरवर, कानाच्या उंचीला, फ्लाइट मोडमध्ये. घरी जाऊन ऐका आणि प्रत्येकानं फक्त स्वतःची एक चूक लिहून आणा. दुसऱ्याची नाही.

गाण्याची मांडणी

दोन गिटार आणि कीबोर्ड एकाच जागी तेच कॉर्ड वाजवत असतील तर सगळं चिखल होतं. एका गिटारनं उघडे कॉर्ड धरले की दुसरीनं कॅपो पाचव्या-सातव्या घरात लावून तेच कॉर्ड वरच्या आकारांत वाजवावेत, किंवा फक्त बारीक तीन तारांवर राहावं. पहिली गिटार जी चे आकार धरत असेल तर दुसरी पाचव्या घरात कॅपो लावून डी चे आकार धरते, दोन्हीचा स्वर जी च राहतो. बेस असताना कीबोर्डचा डावा हात बंद. कडव्यात एक वाद्य कमी करा, म्हणजे ध्रुवपदाला तेच वाद्य आलं की आवाज न वाढवताही गाणं उठतं.

घरी एकट्यानं वाजवताना गिटारवाले डिस्टॉर्शन भरपूर ठेवतात, अँपवरचे बास (खालचा आवाज) आणि ट्रेबल (वरचा आवाज) वर, मधला मिड खाली. घरी हे भारी वाटतं. बँडमध्ये मात्र गिटारचा बास बेसवाला खाऊन टाकतो, ट्रेबल झांजा खातात, आणि गिटार गायब. डिस्टॉर्शन घरच्यापेक्षा निम्मं आणि मिड वर, एवढं केलं की गिटार आवाज न वाढवता ऐकू येते.

मराठी गाणं रॉकमध्ये बसवताना ताल आधी ओळखा. केरव्यातली चाल सरळ चारच्या ठेक्यात बसते. दादऱ्यातली सहाच्या ठेक्यातच वाजवा, ओढून चारमध्ये आणली की शब्द मोडतात.

पहिला कार्यक्रम

पहिलं स्टेज शाळेच्या स्नेहसंमेलनाचं बरं. तीन गाणी, बारा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुरत्या शाळेच्या कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी सादर करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. तिकीट लावून बाहेर करायचं झालं तर परवान्याचं आयोजकांना आधीच विचारा. मंडळाच्या स्टेजवर असाल तर स्पीकरची परवानगी त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यातून मंडळानं घेतली आहे का ते पाहा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, दवाखाना, शाळा आणि कोर्टाच्या १०० मीटरच्या परिसरात सरकारनं शांतता क्षेत्र जाहीर केलेलं आहे का तेही विचारा. सणाचे ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, ते त्या वर्षीच्या आदेशात बघायचं.

साउंडवाल्याला आदल्या दिवशी एका कागदावर लिहून द्या: कोण कुठं उभा, किती माईक, किती केबल, किती प्लग. साउंडवाल्याला भाषणाची सवय असते, त्यामुळं तो माईकवर इको ठेवून देतो. ‘दादा, इको पूर्ण बंद करा’ हे पहिल्यांदा सांगा. मुख्य स्पीकर माईकच्या पुढं असावेत. गाणाऱ्याचा मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायचा स्पीकर) माईकच्या बरोबर पाठीमागच्या दिशेला, म्हणजे माईकचं शेपूट मॉनिटरकडं. माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी येते, म्हणून मूठ खाली. तपासणीचा क्रम: किक, स्नेअर, बेस, गिटार, कीबोर्ड, गाणं, मग सगळे मिळून सगळ्यात जोरकस भागाचा अर्धा मिनिट.

सोबतच्या पिशवीत: गिटारच्या पहिल्या बारीक तारेचे तीन नग आणि बाकीचा एक संच, दोन जादा केबल, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, ड्रमची चावी, जादा काठ्या, चार पिक, कापडी टेप, टॉर्च, गाण्यांचे कागद मोठ्या अक्षरांत. तार तुटली तर गिटारवाला थांबतो, बेस आणि ड्रम तोच ठेका धरतात, गाणारा बोलत राहतो. याचीही एकदा तालीम करा.

वेळापत्रक आणि वही

एप्रिल-मेच्या सुट्टीत सुरू केलं तर सहा-आठ आठवड्यांत तीन गाणी उभी राहतात. जून ते सप्टेंबर आठवड्याला दोन तालमी. सहामाहीच्या आधी दोन आठवडे बंद. दिवाळीच्या सुट्टीत जोर, डिसेंबर-जानेवारीत संमेलन. दहावीची पोरं त्यानंतर थांबतात. हे पालकांना सुरुवातीलाच लिहून द्या, म्हणजे घरची कुरबुर निम्मी होते. बाहेरच्या कार्यक्रमाचं मानधन ठरलं तर करारावर पालकांची सही, कारण १८ च्या आतल्याचा करार कायद्याला धरून नसतो.

हिशोबाची वही एकाकडं आणि पैशांची पेटी दुसऱ्याकडं. वहीत सामायिक वस्तू वेगळ्या पानावर, घेतल्याची तारीख, किंमत, कुणी किती घातले. गिटार ज्याची त्याची. माईक, मिक्सर, बोर्ड, केबल बँडचे. कुणी सोडून गेलं तर त्याचा वाटा पहिल्या वर्षी निम्मा परत, दुसऱ्या वर्षानंतर काही नाही, असं काहीतरी सुरुवातीलाच ठरवा आणि पाचही जणांच्या सह्या घ्या. दहावीनंतर कुणी पुण्याला, कुणी आयटीआयला, कुणी इथंच राहणार. ज्याच्या घरी कोरडी वरची खोली आहे त्याच्याकडं मिक्सर आणि माईक ठेवा, आणि त्याचं नावही त्याच पानावर लिहून ठेवा.